पांढऱ्याची म्हणून आलेली नऊ पिल्लं

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकून. खरोखर वाकले तर उठवायला तुमच्या भावाला हाक मारावी लागते, आणि ते या क्षणी खुराड्यात अर्धे आत आहेत.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता, की तो अजून खुंटीवरच लटकतोय? उत्तर मला ठाऊक आहे, तरी विचारते, कारण आधी तब्येतीची चौकशी केली नाही तर तुम्ही पुढचं पत्र वाचत नाही असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. माझं पित्त आटोक्यात आहे. दवाखान्याच्या आणखी साठ एप्रनांच्या शिलाईचं काम घेतलंय, त्यातले चाळीस झाले. तुमच्या भावाचा उजवा हात आहे तसाच आहे, म्हणजे थरथरतो, पण हल्ली त्या हाताकडे बघत बसायला त्यांना सवड नसते. हे शेवटचं वाक्य तुम्हाला कळवावं एवढ्यासाठीच आज मशीन बंद करून पत्र लिहायला बसले आहे.

पाच महिने झाले, मी तुमचे आभार मानलेले नाहीत. खरं सांगते, मानायची इच्छाच नव्हती. तुम्ही चार तास बसमध्ये मांडीवर टोपली घेऊन आलात, दारात टोपली ठेवलीत, उभ्या उभ्या पाणी प्यायलात, "धाकट्याला सांग, एकवीस दिवस हिला कुणी हलवायचं नाही. अंडी माझ्या पांढऱ्या कोंबड्याची आहेत, शुद्ध," एवढं बोललात आणि परतीच्या बसने गेलातसुद्धा. (त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला धाकटा म्हणणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.) टोपलीत एक खुडूक कोंबडी आणि तिच्याखाली अकरा अंडी. मी कपाळाला हात लावला. घरात आधीच एकजण मागच्या खोलीत स्टुलावर बसून भिंतीकडे बघत होता, त्यात ही डोळे वटारून टोपलीत बसलेली. न हलणारे, न बोलणारे आता दोघं झाले, आणि दोघांच्या पुढ्यात वेळच्या वेळी दाणापाणी ठेवायचं माझ्याकडे आलं.

दुकान बंद केल्यापासून ते कसे झाले होते हे मी तुम्हाला फोनवर कधी नीट सांगितलं नाही. सांगायला लागले की रडू यायचं, आणि तुम्ही रडणाऱ्या माणसाचा फोन ठेवून देता. घड्याळं दुरुस्त करण्यात पस्तीस वर्षं गेली त्यांची. डोळ्याला भिंग लावलं की जेवायचंही भान नसायचं. मग हात थरथरायला लागला, आणि एक दिवस एका शाळामास्तरांचं घड्याळ बिघडलं. दुरुस्त करताना यांच्याच हातून बिघडलं. ते मास्तरांच्या वडिलांचं होतं. यांनी घड्याळ परत देताना सांगितलं, याचे भाग आता मिळत नाहीत. मास्तर बरं म्हणाले आणि गेले. त्याच आठवड्यात यांनी दुकान बंद केलं, हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली, आणि मला म्हणाले, हात गेला. बस, एवढंच. त्या घड्याळाचा खरा प्रकार मला तेव्हा माहीत नव्हता. तो कसा कळला ते पुढे येईल.

तर एकविसाव्या दिवशी सकाळी मी एप्रनांना खिसे लावत होते. मशीन थांबलं की घर कसं अगदी चिडीचूप व्हायचं. त्या शांततेत हे उठले, टोपलीपाशी गेले, कोंबडीच्या टोचा खात तिच्याखालून एक अंडं काढलं आणि कानाला लावलं. तसेच उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता हे अंड्यांशी बोलणार. पण त्यांचा चेहरा दुकानात असायचा तसा झाला होता. मला म्हणाले, "आत चालू आहे." मग अंडं माझ्या कानाला लावलं. खरंच, आतून टिकटिक. इतक्या महिन्यांत मला त्यांनी आपणहून ऐकवलेली ती पहिली गोष्ट. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आदळली, म्हणजे रडण्याचा आवाज बाहेर गेला नाही. (तुम्हाला लिहून सांगितलेलं चालतं ना? फोन तर ठेवता येणार नाही.)

अकरांतून नऊ निघाली. दुपारी वरच्या मजल्यावरून घरमालकीणबाई खाली आल्या. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. टेलिफोन खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या बोलण्याच्या तारा जोडून निवृत्त झालेल्या बाई. कानाला आता शांतता हवी असं त्या उघड सांगतात. कमरेवर हात ठेवून त्यांनी पिल्लं मोजली आणि अट घातली. कोंबड्या हव्या तितक्या ठेवा, पण यातला एक जरी आरवला तरी त्याच दिवशी सगळी टोपली घराबाहेर. सगळी, असं दोनदा म्हणाल्या. त्या गेल्यावर तुमच्या भावाने नऊ पिल्लांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, म्हणजे नर आरवायच्या आत ओळखायला हवेत. आणि पलंगाखालची पेटी ओढून काढली.

पुढचे दोन महिने आमच्या घरात जे चाललं त्याला संशोधन म्हणायचं की वेडेपणा, ते तुम्ही ठरवा. आधी नऊ जणांना नंबर दिले. नंबर कसे द्यायचे, तर माझ्या पायपिंगच्या कापडाच्या नऊ रंगी पट्ट्या, प्रत्येकाच्या पायात सैलसर. दर चार दिवसांनी त्या सोडून पुन्हा बांधायच्या, कारण पाय जाड होतात. (हे काम माझं. तुम्ही कधी चार दिवसांच्या पिल्लाला पायात कापड बांधलंय का? ते शौच करून निषेध नोंदवतं.) मग वही. डाव्या पानावर रंग, वजन, पाय, तुरा. उजव्या पानावर अनुमान. अक्षर थरथरत होतं, पण लिहीत होते. वजन करायला घड्याळाच्या सुट्या भागांचा तराजू. दोन आठवड्यांत पिल्लं त्या तराजूत मावेनाशी झाली, तेव्हा माझा स्वयंपाकघरातला गेला.

पहिली परीक्षा पंखांची. कोपऱ्यावरच्या अंडीवाल्याने सांगितलं की पंख उघडून बघा, पिसं सगळी एका लांबीची असली तर नर, एक लांब एक आखूड अशी असली तर मादी. हे डोळ्याला भिंग लावून, गुडघ्यावर पिल्लू घेऊन, चिमट्याने पिसं सरळ करून बघायला बसले. निकाल काय, तर नऊच्या नऊ माद्या. मला इतका आनंद झाला की मी वर जाऊन मालकीणबाईंना सांगून आले. त्यांना पटलं नाही. त्या बोटातली अंगठी काढतच खाली आल्या. त्यांच्या आईची पद्धत होती म्हणे, अंगठी दोऱ्याला बांधून पिल्लावर धरायची. गोल फिरली तर नर, पुढेमागे झुलली तर मादी. दोरा माझा, अंगठी त्यांची, आणि धरायला दिली ती कुणाकडे? तुमच्या भावाकडे, का तर घरातला तज्ज्ञ. मी डोळे मिटून घेतले. त्यांच्या हातात ती अंगठी जी गरगरायला लागली, ती पहिल्या पिल्लावर फिरली, दुसऱ्यावर फिरली, नऊही पिल्लांवर फिरली, मग कोंबडीवर, माझ्या पायावर आणि मालकीणबाईंच्या चपलेवरसुद्धा फिरली. हात थरथरतो हे आम्ही कुणी त्यांच्यासमोर बोलत नसू. तेव्हा तेच म्हणाले, "बाई, माझ्या हाताला काही विचारू नका, तो सगळ्यांना नरच म्हणणार." आणि हसले. वन्सं, हात बिघडल्यापासून त्या हातावर ते पहिल्यांदा हसले. मालकीणबाई पायरीवर बसून इतक्या हसल्या की पिल्लू अंगठी गिळायच्या बेतात होतं.

तिसरी परीक्षा टोपीची. पिल्लांच्या मध्ये अचानक टोपी टाकायची, जे मान उंचावून उभं राहील तो नर, जी दबून बसेल ती मादी. यांनी आपली जुनी लोकरी टोपी टाकली. नऊही पिल्लं आईच्या पोटाखाली शिरली आणि आईने टोपीवर झडप घातली. वहीत त्या दिवसाच्या पानावर उजवीकडे एकच वाक्य आहे, "टोपी बाद."

अंडीवाल्याला पुन्हा बोलावलं. तो चांगला माणूस आहे, एक एक पिल्लू हातात घेऊन मन लावून बघत होता. शेवटी म्हणाला, काका, माझा संबंध फक्त अंड्याशी. अंड्याच्या आधीचं आणि नंतरचं मला विचारू नका.

आता मी जिथे आले आहे तिथे जरा अवघड आहे, तेव्हा पट्टा बांधून, पाय वर घेऊन बसा. चार आठवडे झाले आणि पिल्लांना खरी पिसं यायला लागली. तुम्ही सांगितलं होतं की बाप पांढरा. तुमचा पांढरा मी पाहिलाय, दुधासारखा आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वन्सं, नऊ पिल्लांत पांढरं एकही नाही. तीन पट्टेरी, तीन काळी, दोन तांबडी, आणि एक अशा रंगाचं की वहीत यांनी "चहाचा डाग" असं लिहिलंय. शिवाय पाच जणांच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं, जणू मोजे घातलेत. आणि चौघांच्या मानेवर पीसच नाही. उघडी लाल मान, फक्त गळ्याशी एक झुपका. मला पहिल्यांदा वाटलं काहीतरी आजार आहे, तेल लावायला घेतलं. हे म्हणाले, थांब, हा आजार नाही, हे बापावर गेलंय.

मी गप्प बसले. दोन दिवस गप्प बसले, कारण गेल्या वर्षी तुमच्याकडे आले होते तेव्हा मी भिंतीवर तो पाहिला होता. तुमच्या शेजारच्या, जमीन-मोजणी खात्यातल्या मोजणीवाल्यांचा कोंबडा. काळा, बसक्या तुऱ्याचा, पायात पिसांचे मोजे, मानेवर पीस नाही आणि गळ्याशी झुपका. ज्या भिंतीच्या नऊ इंचांवरून तुमचं आणि मोजणीवाल्यांचं सहा वर्षं बोलणं बंद आहे, त्याच भिंतीवर तो बसला होता, तोंड तुमच्या अंगणाकडे करून. मी मनात म्हटलं, हे माझ्या तोंडून जायला नको. नणंदेच्या कोंबड्यांच्या चारित्र्यावर बोलणारी भावजय जगात कुणालाच आवडत नाही. पण तुमच्या भावाने मला समोर बसवून विचारलं, आणि पस्तीस वर्षं ज्याने घड्याळातला केसाएवढा कचरा शोधलाय त्याच्यापुढे मी किती वेळ टिकणार? सांगितलं. मला क्षमा करा.

यांनी काय करावं? मला न सांगता, तुम्हाला न सांगता, सरळ मोजणीवाल्यांना पत्र टाकलं. आणि मोजणीवाल्यांनी उत्तर दिलं! चार पानी. सोबत कोंबड्याचं चित्र, समोरून आणि बाजूने, मापासह, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. गळ्याच्या झुपक्याला वेगळा क्रमांक देऊन खाली खुलासा. भिंतीची उंची, कोंबड्याची उडी, उडी मारायची जागा, सगळं आखलेलं. पत्रात त्यांनी कबूल केलंय की कोंबडा रोज सकाळी तुमच्या बाजूला उतरतो आणि त्यांना हे दीड वर्ष माहीत आहे. कळवलं नाही, कारण तुम्ही भिंत उंच कराल अशी भीती होती. तुमच्या पांढऱ्याबद्दलही लिहिलंय, वाईट मानू नका, तो दिवसभर पाण्याच्या टाकीवर डोळे मिटून उभा असतो, बाकी कशात भाग घेत नाही. (हे शब्द त्यांचे.) आणि शेवटी, "भिंतीच्या जागेबाबत माझं मत पूर्वीचंच आहे." माणूस हट्टी खरा, पण चित्र फार सुरेख काढतो. आम्ही ते दाराशी लावलंय.

आता तुम्ही म्हणाल, बाप कोण याच्याशी यांना काय करायचंय, यांना नर-मादी ओळखायचं होतं ना? तेच तर. मोजणीवाल्यांनी पत्रात एक खूण लिहिली होती. आई पट्टेरी असेल आणि बाप बिनपट्ट्याचा काळा असेल, तर पट्टे फक्त मुलांना जातात, मुलींना जात नाहीत. पण त्यासाठी बाप नक्की माहीत हवा. पांढरा असता तर ही खूण चालली नसती, पांढऱ्याच्या पोटात काय काय रंग दडलेले असतात ते कुणालाच कळत नाही म्हणे. (पंखांची खूणही ठरावीक जातींतच चालते, सरमिसळीत नाही, असं त्यांनी पुढे लिहिलं होतं. आमच्या नऊ माद्यांचा हिशेब तिथेच आटोपला.) तर बाप ठरला, आई तुमची पट्टेरी हे यांनी धरलेलंच होतं, आणि बाप ठरल्याबरोबर नर सापडले. तीन पट्टेरी, नंबर पाच, सात आणि आठ. यांनी त्यांना उचललं आणि आरवायच्या कितीतरी आधी अंडीवाल्याच्या अंगणात नेऊन ठेवलं. अंडीवाला म्हणाला, ठेवा, अंड्यानंतरचं मला शिकायचंच होतं. यांनी वहीत लिहिलं, "उरलेल्या सहाही माद्या," खाली दोन रेघा मारल्या, आणि त्या दिवशी दुपारी दीड तास झोपले.

या सहांत नंबर दोन होती. उघड्या मानेची, तांबडी, बसक्या तुऱ्याची. मालकीणबाईंचं तिच्यावर मन बसलं होतं. बाई रोज सकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायच्या, दोन नंबर उडी मारून मांडीवर जायची, आणि बाई तिला खात्यातल्या गोष्टी सांगायच्या. कुणाचा फोन कुणाला लागला, कोण तासभर काही न बोलता नुसतं फोन धरून बसायचं. तीस वर्षं बाईंनी फक्त ऐकलं होतं, आता त्यांचं कुणीतरी ऐकत होतं. तिला त्या बाईसाहेब म्हणायच्या. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते की बाईसाहेबांचा तुरा दिवसेंदिवस लाल होतोय, पाय जाड होतायत. यांच्याही डोळ्यांना दिसत असणार. पण वहीत रेघा मारून झाल्या होत्या, आणि कुणाला नको होतं ते.

एका सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला, मांडीवर बसल्या बसल्या, बाईसाहेबांनी मान ताणली आणि आरवल्या. आरवल्या कसलं, गंजलेल्या बिजागरीचं दार उघडावं तसा आवाज. पण त्याला दुसरं नाव देता येण्यासारखं नव्हतं. माझ्या हातातली कात्री खाली पडली. बाई तशाच उठल्या, बाईसाहेबांना खाली ठेवलं आणि वर निघून गेल्या. वरचं दार लागलं.

तुमचे भाऊ खुराड्याजवळ उभे होते. त्यांचा चेहरा मी ओळखला. मास्तर घड्याळ घेऊन गेले त्या दिवशीचा चेहरा. मला वाटलं, आता हे स्टुलावर जाणार आणि पुन्हा काही उठायचे नाहीत, आणि मी काय करू, या वेळी वन्सं तरी कुठून दुसरी टोपली आणणार. मी हाक मारली, तर म्हणाले, आई बघायची राहिली. म्हणजे काय ते मला नंतर समजलं. पट्ट्यांची खूण पट्टेरी आईच्या पिल्लांना. टोपलीतली अंडी तुमच्या एकाच कोंबडीची नव्हती, दोन नंबरची आई तुमची तांबडी. तिच्या पोरांना पट्टे नसणारच, मुलगा असो की मुलगी. ही साधी गोष्ट यांच्या नजरेतून सुटली होती.

मग ते जिना चढले. वन्सं, तो जिना ते वर्षभर चढले नव्हते. मी चार पायऱ्या मागे राहून गेले. बाईंनी दार उघडलं, आणि हे दारातच उभं राहून म्हणाले, चूक माझी आहे, मी तुम्हाला मादी म्हणून सांगितलं, मी नीट बघितलं नाही, दुपारपर्यंत सगळ्यांची सोय करतो. हात जोरात थरथरत होता आणि त्यांनी तो खिशात घातला नाही.

बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं मी लाइन जोडल्या. दिवसाला वीस राँग नंबर लागायचे. राँग नंबर लागला म्हणून कुणी टेलिफोन काढून टाकतं का?" आणि पायात चपला घालून खाली आल्या, तिसऱ्या पायरीवर बसल्या, आणि आरवणाऱ्या बाईसाहेबांना मांडीवर घेतलं. नाव बदलायचं का विचारलं तर म्हणाल्या, सवय झालीय, राहू दे. फक्त एवढीच सवलत, अंडीवाल्याकडचे तिघे परत यायचे नाहीत. आता रोज सकाळी नवाला बाईसाहेब आरवतात आणि वरून उत्तर येतं, "बोला."

त्या संध्याकाळी जेवताना यांनी मला घड्याळाची खरी गोष्ट सांगितली. भाग मिळत नाहीत हे खोटं होतं, भाग त्यांच्याच हातून तुटला होता, आणि ते खोटं बोलले याची लाज हातापेक्षा जड झाली होती. मी त्यांना भात वाढला. तीन दिवसांनी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून शाळेत गेले. दोन तासांनी आले. मी विचारलं, काय म्हणाले मास्तर? तर म्हणे, चांगले रागावले, दहा मिनिटं उभं करून रागावले, वर्गातली मुलं बघत होती. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता, जणू मास्तरांनी बक्षीस दिलंय. मास्तरांनी घड्याळ मात्र परत यांच्याकडेच दिलं, दुसऱ्या कुणाकडून करून आणा, तुमच्या नजरेखाली, म्हणून. हे आता बाजारातल्या एका तरुण घड्याळवाल्या बाईकडे जाऊन बसतात. हात तिचा, डोळा यांचा. ती यांचं ऐकते आणि वादही घालते, दोन्ही.

तेव्हा वन्सं, आभार. उशिरा मानते, पण पोटापासून मानते. तुम्ही आम्हाला कोंबडी दिली असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर तुम्ही माझ्या नवऱ्याला चुकायला नऊ जागा दिल्यात. तो पंखात चुकला, अंगठीत चुकला, टोपीत चुकला, आईत चुकला, आणि प्रत्येक चुकीनंतर सकाळी उठून परत खुराड्यात गेला. उरलेल्या पाच तलंगा आहेत, या वेळी नक्की, कारण त्यांतल्या तिघींनी अंडी घातली आणि याहून मोठा पुरावा अंडीवाल्यालाही माहीत नाही. पहिलं अंडं यांनी कानाला लावून पाहिलं. मी म्हटलं, अहो, त्यात काही नाही. म्हणाले, माहीत आहे, तरी.

गुडघ्याला जपा. पट्टा बांधा. धाकट्याचा तुम्हाला नमस्कार, हे पत्र त्याला दाखवलेलं नाही.

तुमची,
एप्रनवाली वहिनी

ता. क. पांढऱ्याबद्दल जे लिहिलं त्याचा राग धरू नका. दिसायला तो खरोखर देखणा आहे, आणि तुमच्या अंगणात देखणं कुणीतरी हवंच.

ता. क. अंडीवाल्याच्या अंगणातले तिघे पट्टेरी पुढच्या मंगळवारी त्याच्या ओळखीच्या टेम्पोने तुमच्याकडे येतायत. नाही म्हणू नका, टेम्पो ठरलाय. ते तुमच्या बाजूला राहतील की बापाच्या, हे तुम्ही आणि मोजणीवाले भिंतीवरून बोलून ठरवा. त्यासाठी बोलावं लागेल हे मला माहीत आहे.

ता. क. आता खरं काम. काल तुमच्या भावाने भिंग पुसून पेटीत ठेवलं. वही पूर्ण झाली, ओळखायचं काही उरलं नाही म्हणाले. बाजारातल्या बाईकडे आठवड्यातून दोनच दिवस काम असतं, बाकीचे पाच दिवस मला मोजता येतात. कोंबडी पुन्हा खुडूक झालीय, रिकाम्या टोपलीत बसून आहे. येताना अकरा अंडी आणा किंवा कुणाच्या हाती पाठवा. भिंतीच्या दोन्ही बाजूंची मिसळा, रस्त्यापलीकडची मिळाली तर तीही घाला, कुणाची कुठली ते तुम्हालाही आठवणार नाही अशी ठेवा. शुद्ध जातीचं एकही नको, हात जोडून सांगते.